लयीच्या आड येणाऱ्या पेशी

४ मार्च
संशोधनाची दिशा ठरली. उंदराच्या मेंदूत आठवणी सांभाळणारा एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. तिथल्या पेशी एका लयीत चालतात. पण त्यांच्यातच काही पेशी इतरांना सारखं गप्प बसवत असतात. या पेशी औषधाने बंद करायच्या. लय दुप्पट खणखणीत होणार! इतकी साधी गोष्ट अजून कुणाला सुचली नाही, याचं वाईट वाटलं.

५ मार्च
आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, अरे, ती लय या रोखणाऱ्या पेशींमुळेच तर येते. त्या सगळ्यांना एकदम थांबवतात, म्हणून सगळ्या पुन्हा एकदम सुरू होतात.
मॅडम हुशार आहेत. पण वय झालं की माणूस ब्रेकची बाजू घेतो.
पुढच्या शुक्रवारी मीटिंग. नवा प्रोजेक्ट कुणाकडे जाणार ते तेव्हा ठरेल. म्हणजे जाहीर होईल. ठरलेलंच आहे.

७ मार्च
बायको म्हणाली, तू बोलायला लागलास की समोरच्याला श्वास घ्यायलाही जागा मिळत नाही. हे कसं चूक आहे ते तिला समजावून सांगितलं. जेवणं गार झाली.

१० मार्च
उंदराच्या मेंदूची पातळ चकती कापली. चकती मस्तच. भांड्यात ठेवली, स्क्रीनवर लाटा सुरू. मॅडमची नवी विद्यार्थिनी म्हणाली, सर, अशीच थोडी रेकॉर्ड करूया का? म्हटलं, बघण्यासारखं पुढे आहे.
औषध सोडलं. लय गेली. मग सगळ्या पेशी एकदम भडकल्या. शांत. पुन्हा भडकल्या. ती म्हणाली, फिट येते तसं दिसतंय. मी म्हटलं, उत्साह आहे.
वायर सैल असावी.

१२ मार्च
वायर बदलली. तेच. औषध सोडणारा पंप बदलला. तेच. उंदीरच बदलला. तोही तसाच निघाला.
मी चहाला गेलो असताना विद्यार्थिनीने औषध धुऊन काढलं. हळूहळू लय परतली. नवशिक्यांचं नशीब असतं एकेकदा.

१४ मार्च, शुक्रवार
मीटिंग. विषय: 'पेशींचा उत्साह'. छान रंगलो होतो. मॅडम मधूनमधून हात वर करत होत्या, दाद देत असाव्यात. शेवटी त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. वीज वाचवायची त्यांना भारी हौस.

१७ मार्च
प्रोजेक्ट विद्यार्थिनीला मिळाला. माझं रेकॉर्डिंग मात्र वाया जाणार नाही. तिच्या शोधनिबंधात पहिलीच आकृती त्याची असणार: 'रोखणाऱ्या पेशी बंद पडल्यावर होणारा गोंधळ'.
ती स्वतःहून येऊन म्हणाली, सर, तुमच्याइतकी पातळ चकती मला जमतच नाही. मुलगी चांगली आहे. मला जरा बसावंसं वाटलं, बसलो.
मग मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, उद्यापासून तिच्यासाठी चकत्या तू कापायच्या.
म्हटलं, विचार करून सांगतो.
म्हणाल्या, विचारलेलं नाही, सांगितलंय.