डॉक्टरांच्या बसण्याची सोय

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे (सध्या बंद, एक स्टूल सोडून), राहणार याच घरात, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. मला कोणी भरीला घातलेलं नाही. उलट लिहू नकोस म्हणूनच दोन्ही मुलं मागे लागली होती. माझं डोकं ठिकाणावर आहे. दुपारची गोळी घेतल्यावर ते थोडा वेळ तरंगतं, म्हणून मी फक्त सकाळी लिहिते. तरीही एखादं वाक्य तरंगताना आढळलं तर ते दुपारचं समजावं, आणि तेही माझंच धरावं.

वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "मावशी, यातली स्वप्नं काढा. कोर्ट ती धरत नाही."

मी म्हटलं, "ती कोणाला वाटून दिलेली नाहीत. कोपऱ्यात पडून राहतील."

त्या हसल्या आणि त्यांनी ती राहू दिली.

कलम १. घर. पुढची खोली, मागची खोली आणि ओटा. घर माझ्या नावावर आहे. पुढच्या खोलीत खिडकीखाली पाण्याचा टब असतो, वेत भिजत घालायचा. ऊन त्या पाण्यावर पडलं की छतावर उजेडाची जाळी हलत राहते. माझी दोन्ही मुलं त्या जाळीकडे बघत झोपायला शिकली. मुलगा लहानपणी विचारायचा, "आई, वरती मासे आहेत का?" ह्यांनी त्याला कधी नाही म्हटलं नाही.

हे घर माझ्यामागे मुलाचं आणि लेकीचं, निम्मं निम्मं. मुलाला ते आत्ताच विकायचं आहे. त्याचं म्हणणं असं, की घर विकून पैसे भरू आणि माझं हृदयाचं ऑपरेशन हॉस्पिटलच्या रोखवाल्या बाजूला करून घेऊ.

"तिकडे माणसासारखं वागवतात, आई."

"आणि इकडे कोण जातं मग?"

"तू शब्दात पकडू नकोस. डॉक्टर तोच असला तरी फरक पडतो, हे तूही पाहिलंस."

पाहिलं. तरीही लिहिते, की मी जिवंत असेपर्यंत हे घर विकणार नाही, आणि मी बेशुद्ध असताना कोणी त्याच्यावर कर्ज काढू नये. घर विकून मला माणसात जमा करून घ्यायचं नाही.

कलम २. बँकेतली ठेव लेकीला. का, ते मुलाला माहीत आहे आणि त्याची तक्रार नाही.

कलम ३. टब, टोच्या, भोकांत ठोकायच्या लाकडी खुंट्या आणि ह्यांची सुरी, हेही लेकीला. ती माझ्यापेक्षा घट्ट विणते. सुरी झिजून बोटाएवढी राहिली आहे. तिला धार लावू नये; ती आता कापायची नाही, हातात धरून बसायची आहे.

कलम ४. झुलती खुर्ची माझ्या नणंदेला. मला सरकारी विम्याचं कार्ड मिळालं तेव्हा मी खुशीत सगळ्यांना दाखवत होते. ह्यांच्या आजारात असं काही नव्हतं, आणि त्यात काय काय गेलं ते आम्हालाच ठाऊक. तेव्हा ही भर घरात म्हणाली, "वहिनी, फुकटच्या औषधाला गुण असतो का हो?" मी म्हटलं, "तुमच्या फुकटच्या सल्ल्यापेक्षा जास्तच असेल." तेव्हापासून आमचं जेवढ्यास तेवढं. ती खुर्ची झुलली की कुईकुई वाजते. दुरुस्त करता येते. मी केलेली नाही. मात्र हेही खरं, की माझ्या तब्येतीची चौकशी करायला रोज पहिला फोन तिचाच येतो. म्हणून खुर्चीवरची उशीही तिलाच द्यावी.

कलम ५. हे कलम लांब आहे आणि यात कोणाला काही द्यायचं नाही. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. ज्या हॉस्पिटलात दाखवते त्याला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने पैसे भरणारे जातात. कार्डवाले बाजूच्या दाराने, धुण्याच्या खोलीजवळून. पुढे बसायला वेताच्या खुर्च्या आहेत. त्या ह्यांनी आणि मी विणल्या, लेकीच्या जन्माआधी. पहिल्या दिवशी मी सरळ जाऊन त्यातल्या एकीवर बसले. हात आपोआप खाली गेला, वीण चाचपायला. ढिली पडली नव्हती. तेवढ्यात शिपाई आला.

"मावशी, कार्डवाल्यांनी आत बाकावर बसायचं."

"ही खुर्ची मी विणली आहे."

"छान विणली आहे. आता उठा."

आतली बोळवजा खोली खांद्यापर्यंत हिरव्या रंगाची आहे. लोखंडी बाकावर आम्ही सगळे ओळीने बसतो. ट्यूबलाइट गुणगुणते आणि बसल्या बसल्या वाटतं, आपण पाण्याखाली आहोत. बोललो तर शब्द न निघता बुडबुडेच निघतील. कार्डवाल्यांची फाइल गुलाबी, रोखवाल्यांची पांढरी. डॉक्टर दोन्हीकडे एकच. मध्ये स्प्रिंगचं दार आहे. पलीकडून "बसा मॅडम, काय होतंय?" असं ऐकू येतं, मग दार ढकललं जातं आणि अलीकडे "हं आजी, पुढे या" होतं. त्या दोन पावलांत ते आपला आवाज कुठे उतरवून ठेवतात कोण जाणे.

ते उद्धट नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. कधी ओरडले नाहीत, गोळ्या चुकीच्या दिल्या नाहीत. फक्त ते उभे असतात, एक हात दारावर ठेवून. उभ्या माणसाला लांब वाक्य सांगता येत नाही. तोंडातून तुकडे पडतात.

"दम लागतो."

"लागणारच आजी, झडप खराब आहे."

"झोप..."

"वयाने कमी होते. पुढचे कोण?"

आणि मला जे सांगायचं होतं ते लांब होतं. आडवं पडलं की छातीवर कोणी पाणी ओततंय असं वाटायचं. म्हणून मी पलंग सोडला आणि खुर्चीत बसून झोपायला लागले. मुलांना सांगितलं, खिडकीतून वारा येतो म्हणून. खुर्चीत डोळा लागला की तेच स्वप्न: आम्ही दोघांनी आयुष्यभर विणलेल्या सगळ्या खुर्च्या एका मोठ्या मैदानात मांडल्या आहेत. सगळ्या रिकाम्या. त्यांच्या पायांशी पाणी आहे, आणि दर वेळी ते थोडं वर चढलेलं असतं. वेत भिजायला लागतो, मऊ होतो, वीण सैल होते. ह्यांना हाक मारावी तर ते पलीकडे पाठमोरे, पाण्यात हात घालून काहीतरी चाचपताहेत.

हे सगळं दारावर हात ठेवलेल्या माणसाला कसं सांगायचं?

एकदा संधी आली. त्या दिवशी माझं कार्ड सापडेना. मुलाने नोंदणीच्या खिडकीपाशी सगळ्या पिशव्या उलट्या केल्या. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "कार्ड नाही तर रोखमध्ये टाकते." पांढरी फाइल झाली. मला पुढच्या दाराने आत नेलं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, समोर बसले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सांगा मॅडम. अगदी पहिल्यापासून सांगा."

मी पदर सारखा केला आणि सुरुवात केली, "मी आडवी झाले ना, डॉक्टर, की..."

दार उघडलं. मुलगा. बक्षीस लागल्यासारखा चेहरा. "आई! सापडलं! चष्म्याच्या डबीत होतं!"

मागोमाग खिडकीवरची मुलगी आली, पांढरी फाइल घेऊन गेली, गुलाबी ठेवून गेली. डॉक्टरांनी चष्मा घातला आणि ते उठले. रागाने नाही. आपला थांबा आला की बसमधला माणूस उठतो, तसे. नर्सला म्हणाले, "यांना मागे घेऊ."

माझं वाक्य त्या खोलीत खुर्चीवर राहिलं.

घरी येताना मुलगा म्हणाला, "मी जरा उशिरा यायला हवं होतं का?" मी म्हटलं, "अरे, वस्तू सापडली की माणूस धावतच येणार." पण त्याने ते मनाला लावून घेतलं. घर विकायचं खूळ त्याच दिवसापासूनचं. तेव्हा या कलमाने मी नमूद करते, की कार्ड सापडणं हा त्याचा गुन्हा नाही. माझ्यामागे त्याने याचा विचार करत बसू नये. यावर कोणाचीही हरकत चालणार नाही.

कलम ६. या महिन्यात मी एक स्टूल विणलं आहे. ते हॉस्पिटलच्या हिरव्या खोलीला. डॉक्टरांना नाही, खोलीला, म्हणजे डॉक्टर बदलले तरी ते तिथेच राहील. त्याची उंची अशी ठेवली आहे, की त्याच्यावर बसलेल्या माणसाचे डोळे बाकावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतात. पायाने ओढता येईल इतकं हलकं आहे. पाठ ठेवलेली नाही. डॉक्टर रेलून वेळ काढतात असं कोणी म्हणायला नको.

कलम ७. वकीलबाईंनी मृत्युपत्राला डॉक्टरांचा दाखला जोडायला सांगितला, की बाई शुद्धीवर आहे आणि तिला आपण काय लिहितोय ते कळतं. लेकीने खिडकीवर विचारलं. उत्तर मिळालं, "दाखला कार्डात बसत नाही. रोख भरावे लागतील."

लेक चिडली. मी तिचा हात दाबला. "भर गं. पांढरी फाइल मिळते."

पुढच्या दाराने आत गेले. डॉक्टर म्हणाले, "आजी... मॅडम, तुम्ही? बसा." आणि स्वतःही बसले. बसावंच लागतं, डोकं ठिकाणावर आहे का हे उभ्याने कळत नाही.

"आज वार कोणता?"

"सोमवार."

"मुलं किती?"

"दोन. त्यातल्या एकाने कार्ड शोधून आणलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल."

त्यांनी कागदाकडे बघत पुढचा प्रश्न विचारला, "झोप नीट लागते?"

"बसून लागते. मी आडवी झाले ना, डॉक्टर, की छातीवर पाणी चढतं."

पेन थांबलं. "किती उशा घेता?"

"उशा नाही. मी खुर्चीतच झोपते."

मग मी पहिल्यापासून सांगितलं. खुर्च्या, मैदान, पाणी, पाठमोरे हे, सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो.

"छातीत पाणी साठतंय. तुम्हाला असं टेबलावर आडवं केलं असतं तर..." ते थांबले. "आधी पाणी काढू. ऑपरेशन पुढे ढकलतो. हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते. तुम्ही उभे होता."

"बाहेरची रांग बघता ना, आजी? एकदा बसलो की उठवत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. दमलेलेच दिसत होते. पण पुढच्या बाजूलाही रांग असते, आणि तिथे ते बसतात. मी हे बोलले नाही. त्यांनी दाखला लिहायला घेतला. त्यात "तपासले" लिहिलं होतं. मी म्हटलं, "समोर बसून, असंही घाला." त्यांनी मान खाली घालून ते घातलं.

साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाले. मी नको म्हटलं. ज्या खोलीला स्टूल ठेवलं ती त्यांचीच. उगाच कोणी शंका काढेल.

कलम ८. हे आज सकाळी, सही करण्याआधी घातलं. कायद्याप्रमाणे स्टूल माझ्यामागे जायला हवं. मला धीर निघाला नाही. मुलाच्या हाती ते आधीच पाठवून दिलं, म्हणून कलम ६ रद्द समजावं. काल तपासणीला लेकीबरोबर गुलाबी फाइल घेऊन बाजूच्या दाराने गेले. माझ्या पुढे एक बाई होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. डॉक्टर दार ढकलून आले. पायाने स्टूल ओढलं. बसले. त्या बाईला विश्वासच बसेना. ती आधी मागे वळून बघायला लागली, हे कोणाशी बोलताहेत म्हणून. मग बोलायला लागली, ती थांबेचना. नवऱ्याचं, पोटाचं, जिन्याचं. डॉक्टर ऐकत होते. वेळ संपली आणि आमचा नंबर लागलाच नाही.

लेक कुरकुरली, "तुझ्याच स्टुलाने तुझा नंबर घालवला."

"जाऊ दे. उद्या पुन्हा येऊ."

पाणी उतरतंय. आता पलंगावर, उशांना टेकून, थोडी झोप लागते. स्वप्न तेच आहे, पण पाणी उतरून परत खुर्च्यांच्या पायांशी आलंय, आणि त्यातल्या एका खुर्चीवर ती बाई बसली आहे. अजून बोलतेच आहे. हे वळून ऐकताहेत.

मुलाने घराचा विषय आज काढला नाही. पुढच्या खोलीत उताणा पडून तो छताकडे बघत होता.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः वाचलं, मला ते मान्य आहे, आणि दोघा साक्षीदारांसमोर मी सही करते.

सही : खुर्च्या विणणारी

साक्षीदार १ : शेजारचा शिंपी. (बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. आधी मला बसायला लावलं.)

साक्षीदार २ : कोपऱ्यावरच्या वाचनालयातली बाई.

सोबत : डॉक्टरांचा दाखला. "यांच्याशी समोर बसून बोललो व यांना तपासले. पूर्ण शुद्धीवर आहेत."

स्थळ : पुढची खोली, टबाजवळ.

दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती. वार गुरुवार, सकाळ.