वाकलेली रोपं फेकू नकोस

कल्पिता,

कडी काढ, तो घरात नाही. तुझ्या नवऱ्याला घेऊन मी हाडाच्या दवाखान्यात चाललेय, म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवतेय. हात मोडलाय त्याचा. मीच मोडला, खत ढवळायच्या दांडक्याने.

मी देवळातून आले तर हितेश अंगणात तुझे रोपांचे ट्रे लाथांनी उडवत होता. म्हणे, गाडीसाठी इथे लादी टाकायचीय. एका ट्रेवर तुझं रक्त दिसलं गं, मग माझा हात थांबेना. पोटचा आहे, म्हणून दोन जास्तच घातल्या. दांडकं धुऊन ठेवलंय.

आता रोपांचं ऐक. मिरची, वांगी बरीच वाचलीत. तीन वर्षं पालापाचोळा, गांडूळखत घालून तू माती अशी केलीस, की एवढ्या लाथा बसूनही मुळांनी ती सोडली नाही. ती सगळी मी सावलीत ठेवलीत, झारीने हलकं पाणी दे. टोमॅटोची वाकलेली फेकू नकोस. पार वरच्या पानांपर्यंत मातीत लाव, त्यांच्या देठालाही मुळं फुटतात. मधोमध तुटलेली तेवढी खताच्या खड्ड्यात टाक.

पण आधी कपाळाला टाके घालून घे. तुझ्या बहिणीला फोन केलाय, ती रिक्षा घेऊन येतेय. डॉक्टरने विचारलं तर या वेळी बाथरूममध्ये पडले म्हणू नकोस.

आपल्याकडे बाथरूम नव्हतं, तेव्हा मी विहिरीवर पडायचे.

आई