गोटू नावाचा जीन

तीर्थस्वरूप गोटूमामांस,

भाच्याचा नमस्कार. वाकून केला असं समजा, कारण आठ वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून कंबर आता आणखी वाकायला तयार नाही. तुमचं पित्त, मामीचा गुडघा आणि टीव्हीच्या रिमोटवरून चाललेला तुम्हा दोघांचा वाद, सगळं पूर्वीसारखंच असेल अशी आशा आहे.

मी शोधलेल्या जीनला तुमचं नाव दिलंय हे मामीला फोनवर सांगितलं, आणि तिथेच माती खाल्ली. पुढचं ऐकायच्या आत तिने फोन ठेवला, आणि काल आईकडून कळलं की तुम्ही रंगारी बोलावून दारावरच्या पाटीवर ‘यांच्या नावाचा जीन आहे’ अशी ओळ रंगवून घेतलीत. (आईने फोटो पाठवला. अक्षर सुबक आहे.) मामा, रंग वाळायच्या आत खरं सांगणं भाग आहे.

आम्ही फळांवरच्या बारीक माश्या पाळतो. माशीची आधी अळी असते आणि अळीला काम एकच, खाणं. पुरेशी वाढ झाली की तिच्या मेंदूतून एक प्रथिन पाझरतं आणि सगळ्या अंगाला निरोप देतं, की पुरे, आता कोष कर आणि पंख काढ. हे प्रथिन बनवण्याची कृती ज्या जीनमध्ये लिहिलेली असते तो मला सापडला. आता आमच्यातली रीत अशी की जीन बिघडल्यावर जे होतं त्यावरून त्याचं बारसं करायचं. (डोळे घडवणाऱ्या जीनला आमच्या लोकांनी ‘बिनडोळ्या’ म्हणून ठेवलंय. चांगल्याचे दिवस नाहीत.) माझा जीन बिघडवला की निरोप जातच नाही. अळी खात राहते, टम्म फुगते, मक्याच्या लगद्यात लोळते. बरोबरीच्या माश्या उडून गेल्या, त्यांना पोरंबाळं झाली, तरी ही आपली अळीच. आमच्या मार्गदर्शक बाईंनी नाव विचारलं आणि माझ्या डोळ्यांपुढे तुमची आरामखुर्ची आली. बावन्नाव्या वर्षीही गोटू म्हणवून घेणारा, ताट हातात आल्याशिवाय न हलणारा माणूस आमच्या घरात दुसरा कोण? सगळे हसले, मीही हसलो, बाईंनी लिहून घेतलं. आता वाईट वाटतंय. लहानपणी मला कोणीही पुरे म्हटलं नाही असं घर एकच होतं, ते तुमचं.

तुमचा (अजून मानत असाल तर),
भाचा

ता. क. मामीला हे वाचून दाखवू नका. ती हसायला लागली की आवरत नाही.

आणखी एक. छापून येण्याआधी नाव बदलता येतं. परवा बाईंनी बोलावून सांगितलं की आठ वर्षं झाली, प्रबंधाची अकरा पानं झालीत, आता महिनाअखेर वसतिगृहातली खोली सोडा. माझ्या बरोबरीचे सगळे केव्हाच कामाधंद्याला लागलेत, एकाला तर जुळी झाली. मी बाहेर आलो, काचेच्या नळीतल्या त्या टम्म अळीकडे बराच वेळ पाहिलं, आणि परत आत जाऊन जीनचं नाव ‘भाचा’ करा म्हणून सांगितलं. बाई या वेळी हसल्या नाहीत, लगेच मान डोलावली.

तेव्हा रंगाऱ्याला सांगून पाटीवर ‘यांच्या भाच्याच्या’ एवढं करून घ्या, आणि मागच्या खोलीतला पसारा जरा काढायला लावा. शनिवारी येतोय. जेवायला आहे.