पॅशनफ्रूटचं बी

कर्वेनगर, पुणे
१२ जून २०२४

ती. शालनताईस,
नीरजाचे शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. यांचा विसर वाढलाय. बत्तीस वर्षं मुलांना बियाणं शिकवलेल्या माणसाने दोन वर्षं ओट्याखालच्या खणात पडलेलं पॅशनफ्रूटचं बी काळ्या मातीत पेरलंय. रोज सकाळी विचारतात, उगवलं का? मग बोटाने उकरून बघतात. डॉक्टर म्हणतात, हात कामात राहू देत. बेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला इतक्यांदा काही विचारलं नव्हतं.

मुलांना आशीर्वाद. आठवण ठेव.

तुझी,
नीरजा


पाचगणी
१९ जून

चि. सौ. नीरजास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या श्यामसुंदररावांनीच मला आमच्या वेलापाशी उभं राहून सांगितलं होतं, की हे बी थांबत नाही. वाळवून उन्हाळ्यात घरात ठेवलं की मरतं. ओलसर, थंड ठेवलं तर थोडे दिवस टिकतं. काळी माती पाणी धरते, त्यात ते कुजतं. नारळाचा भुसा आणि वाळू निम्मी निम्मी घे. आमच्या तेजसबरोबर ताजी फळं पाठवतेय. गर धुऊन त्याच दिवशी पेरा आणि तीन आठवडे कुंडीला हात लावू देऊ नकोस. नाहीच उगवलं तर नर्सरीतून रोप आणून लाव. एवढ्याशा खोटेपणाने काही बिघडत नाही.

तू वेळेवर जेवतेस का, ते खरं लिही.

तुझी,
ताई


कर्वेनगर, पुणे
२१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फळं आली त्या दिवशी यांनी बी गाळणीत चोळून इतकं स्वच्छ धुतलं, की मला वाटलं, आजार गेला. पण उकरणं थांबलं नाही. दोनदा कुंडी मोरीत लपवली, तर पलंगाखाली वाकून शोधत राहिले. मग परत ठेवली. अठराव्या दिवशी एका बीला पांढरं मूळ फुटलं. मला दाखवायला ते काढून आणलं आणि कठड्यावर ठेवून विसरले. उन्हात ते वाळलं. बाकीचं एकही आलं नाही.

तू लिहिलं होतंस तसं काल केलं. हे दुपारी झोपले असताना नर्सरीतलं रोप कुंडीत लावलं आणि संध्याकाळी यांना बोलावलं. पान बराच वेळ बोटांत धरून ते वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बाई, हे बाहेरून आणलेलं आहे. याचं पान तीन भागांत चिरलंय. नुकत्याच उगवलेल्या रोपाचं पान अखंड असतं."

मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "पण माझ्या बायकोला सांगू नका. तिने फार वाट पाहिली आहे."

मी बरं म्हटलं.

जेवते वेळेवर. पाकिटावर माझं नाव पूर्ण लिहीत जा, ताई. या घरात ते घेणारं आता कोणी नाही. माया असू दे.

तुझी,
नीरजा