उदयसिंह घरी आले तेव्हा

औंध,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना रेश्माचा नमस्कार.

सांगलीची हवा मानवली का? गुडघे कसे आहेत? मी फोन केला की राजनंदिनी वन्सं घेतात आणि आई झोपल्यात म्हणतात. म्हणून लिहायला बसले. वन्सं, पाकीट तुम्ही फोडलं असेल तर इथंच थांबा आणि पत्र आईंच्या हातात द्या.

इकडे म्हैस व्यायली, रेडी झाली. ऋषिराज कोयनानगरला गेल्याला महिना होत आला. मी थोरल्या भावाला, उदयसिंहांना, घरातून हाकललं, असं त्यांनी तुम्हाला सांगितलंय. ते खरं आहे.

उदयसिंह सीमेवर बर्फाखाली गाडले गेले आणि वर्षभरात तुम्ही मला धाकट्याशी, ऋषिराजशी, लावून दिलंत. मला कुणी विचारलं नाही, त्यांनाही नाही. तरी आमचं जमत आलं होतं, आई. ते मला रेश्मा म्हणू लागले होते.

मग दिवाळीच्या पाडव्याला, दुपारी चारच्या सुमाराला, उदयसिंह येऊन सोप्यातल्या कॉटवर बसले. सुट्टीवर आल्यासारखे, नुसत्या बनियनवर. ऋषिराजनी आधी पाहिलं. घाबरले नाहीत, रडले. तेव्हापासून रोज चारला दोघं भाऊ बसायचे. बोलायचे ऋषिराजच, उसाचं, कुस्त्यांचं. उदयसिंह ऐकत माझ्याकडे बघत राहायचे.

तुम्ही सांगलीहून येऊन थोरल्याची दृष्ट काढलीत. माझ्याशी बोलला नाहीत.

त्याच आठवड्यात ऋषिराजनी अंथरूण गोठ्यात नेलं. म्हणाले, "दादा घरात हाय. मला न्हाई जमायचं, वहिनी."

वहिनी. लग्नाला दीड वर्ष झाल्यावर.

दोन महिने काढले. संक्रांतीनंतर एकदा ऋषिराज कारखान्यावर गेले असताना मी उदयसिंहांसमोर उभी राहिले. म्हटलं, "मला तुमी कवाच आवडला न्हाई. घरच्यांनी दिली म्हणून नांदले. आता जावा."

ते उठले. दारात तरी थांबतील असं वाटलं होतं. थांबले नाहीत.

संध्याकाळी ऋषिराजनी रिकामी कॉट पाहिली, मी 'जावा' म्हटल्याचं ऐकलं आणि बॅग भरली.

इथवरचं तुम्हाला ठाऊक आहे. नाही ते आता लिहिते. मी खोटं बोलले. चार वर्षं मी उदयसिंहांच्या सुट्ट्यांवर जगले होते. पाडव्याला ते आले, तेव्हा मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले होते. पण त्यांना मला हात लावता येत नव्हता, आणि ज्याला येत होता तो त्यांच्यामुळं लावत नव्हता. मी सत्तावीस वर्षांची आहे, आई.

त्यांनी माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवला. इतक्या सहज. तो राग काही केल्या जात नाही.

उदयसिंह तिकडे तुमच्याजवळ आले असतील, तर सांगा, रेश्मा खोटं बोलली. औंधला परत जा म्हणू नका. एवढंच सांगा.

तुमची, दोनदा सून झालेली,
रेश्मा