शेजारच्या झोळीतलं बाळ

सान रोके, ११ जून १९७४

ती. दोमितिलाताईस,
फेलीचा शि. सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस आणि मग पुढं वाच. माझ्याजवळ एक बाळ आहे. मुलगी आहे, सात-आठ महिन्यांची, आणि तिची आई कुठं आहे ते मला ठाऊक नाही.

पुकाल्पाला तुझ्या घरून निघाले ती खुशीतच. लाँचच्या वरच्या मजल्यावर अगदी कठड्याशी निजायची झोळी बांधायला जागा मिळाली. सकाळी नदीवर धुकं, खाली इंजिनाची धडधड, आणि पोचायची घाई कुणालाच नाही. समोर एक म्हातारा मांडीवरच्या पोपटाला शेंगा सोलून देत होता. तो सोलत होता आणि मी बघत होते, त्यात अख्खी सकाळ गेली. तू म्हणशील, हे काय काम झालं? नाहीच गं. दोन वर्षं फिरतेय ते अशा बिनकामाच्या सकाळींसाठीच.

शेजारच्या झोळीत मार्लेनी नावाची विशीतली पोरगी होती. तिच्या कुशीत चाबेला. झोळीला झोळी लागली की शेजार झाला, हे तुला सांगायला नको. एक उठली की दुसरीनं तिचं सामान बघायचं, पोर बघायचं. तिनं माझी पिशवी सांभाळली, मी तिची लेक सांभाळली. ती फारसं बोलायची नाही, मग मीच दोघींच्या वाटचं बोलून घेतलं.

काल कोन्तामानाला थांबलो. धक्क्याला चार लाँचा एकीला एक खेटून उभ्या होत्या, आमची सर्वांत बाहेर. काठावर जायचं तर बाकीच्या तिन्ही लाँचांच्या डेकवरून चालत जायचं. मार्लेनी म्हणाली, मावशी, जरा बघा हं, बाजारातून भाजलेला मासा घेऊन येते. ती गेली. शिट्टी झाली, दुसरी झाली, लाँच सुटली. मला वाटलं, खाली स्वयंपाकघराशी गप्पा मारत असेल. बाळ भुकेनं रडायला लागलं तेव्हा मी वर-खाली सगळी लाँच पालथी घातली. ती नव्हती.

कप्तान म्हणाला, माल भरलाय, लाँच मागं फिरणार नाही, पुढं रेकेना गाव लागेल, तिथं बाळ पोलिसांच्या हवाली करा. मी म्हटलं, ही काय विसरलेली छत्री आहे? आणि पहिलं गाव लागलं तिथं उतरले. वर जाणारी लाँच मिळेल, पण मार्लेनी खाली यायला निघाली असली तर भर नदीत आम्ही एकमेकींना ओलांडून जाऊ. म्हणून इथंच ठाण मांडलंय. दोन्या एमेरिता नावाच्या बाईंनी आपल्या घरात झोळी टांगायला जागा दिली आहे.

तू बंदरावर चौकशी कर. सकाळी रेडिओवर नदीकाठच्या लोकांचे निरोप वाचतात, त्यात निरोप दे. रागावू नकोस म्हणत नाही. पण आधी रेडिओवर जाऊन ये, मग सावकाश रागाव.

तुझी,
फेली


पुकाल्पा, १५ जून

चि. फेलीस,
अ. आ.

पत्र मिळालं. बसूनच वाचलं, म्हणून पडले नाही. शिलाईचं मशीन विकून गावोगाव हिंडायला निघालेली बाई आपल्या घराण्यात पहिलीच. त्यातही दुसऱ्याचं मूल काखेत मारून बसलेली. आई असती तर तुला चांगलं झोडपलं असतं.

तुझं पत्र हातात पडलं तशी बंदरावर गेले. चार दिवसांत आलेल्या लाँचांच्या माणसांना विचारलं. कुणाला काही माहीत नाही. एकानं सांगितलं की अशी एक पोरगी कोन्तामानाच्या काठावर संध्याकाळपर्यंत बसून होती, मग दिसली नाही. नदीत तर नाही ना गेली, हा विचार डोक्यातून जात नाही. पोलिसांकडं मी अजून गेले नाही. परक्याचं मूल घेऊन मध्येच उतरलेल्या बाईला ते आधी आत टाकतील आणि मग विचारतील.

रेडिओवर निरोप दिला. असा लिहिला: चाबेलाच्या आईस, बाळ सान रोकेला सुखरूप आहे, येऊन घेऊन जावं, कुणी काही विचारणार नाही. शेवटचं का घातलं ते मलाच नीट सांगता येणार नाही. तो वाचणारा पोरगाही विचारत होता. म्हटलं, वाच बाबा, लिहिलंय तसं.

आता एक बोलते, राग मान किंवा नको मानूस. हिलारिओ गेला, तुम्हाला मूलबाळ नव्हतं, ते दुःख मी जवळून पाहिलंय. तू त्या पोरीच्या कानामागं तेल लावत असशील, गाणी म्हणत असशील. लाव. पण मनाची गाठ मारू नकोस. सोडवताना तुझीच बोटं फाटतील.

उत्तर लगेच दे. तोवर मला घास उतरणार नाही.
दोमितिला


सान रोके, १८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाणी म्हणते. तेलही लावते. तुझे डोळे तिकडून इथवर पोचतात की काय?

चाबेलाला तीन दिवस ताप होता. आज उतरला. दोन्या एमेरितांनी कसल्याशा पाल्यानं अंघोळ घातली आणि मला दटावलं की तोंड असं पाडून बसलीस तर पोर घाबरेल. पिकलं केळं उकडून, घोटून, पातळ करून दिलं तर वाटीभर पिते आणि उरलेलं माझ्या केसांना लावते.

दिवस कसा जातो ते सांगते. नदी उतरायला लागली आहे, रोज थोडा थोडा चिखल उघडा पडतो. त्यावर बगळे येतात. आम्ही दोघी घराच्या पायरीवर बसून ते बघतो. कुठल्याही दुसऱ्या वेळी मी म्हटलं असतं, यापरतं सुख नाही. पण लांब इंजिन वाजलं की माझा जीव गोळा होतो. लाँच वळणावर दिसते, काठाला लागते, बायका उतरतात. मी एकेकीचं तोंड बघते.

आणि ताई, तुझ्यापासून काय लपवायचं. काल एक बाई उतरली, पाठमोरी तिच्यासारखीच. ती नसू दे, असं मनात आलं. ती वळली, दुसरीच कुणी होती, आणि मला हायसं वाटलं. त्यानंतर दिवसभर मला माझीच लाज वाटत होती. तुझं म्हणणं खरं आहे. गाठ बसली आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस, आत्ता तिची गरज आहे.
फेली


पुकाल्पा, १९ जून

चि. फेलीस,
अ. आ.

पोरगी जिवंत आहे. आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी बसलेली. आत ये म्हटलं तर येईना. रेडिओवाल्यांकडून पत्ता काढून आली होती. इथं एका खाणावळीत भांडी घासत होती, तिथंच रोज सकाळी निरोप कानावर पडायचा. तीन सकाळी ऐकला, चौथ्या दिवशी आली.

आता जे लिहिते ते शांतपणानं वाच. तिची लाँच चुकली नाही. ती काठावर उभी होती. शिट्टी ऐकली, लाँच सुटताना पाहिली, आणि हाक मारली नाही. इकितोसला बाळाच्या बापाकडं निघाली होती, आणि कोन्तामानाला त्याचाच कुणी माणूस भेटून म्हणाला की येऊ नकोस, त्यानं दुसरं घर केलंय. माझ्यासमोर मान खाली घालून म्हणाली, तुमच्या बहिणीला मी दोन दिवस बघत होते, त्या पोपटाकडं बघूनसुद्धा हसायच्या, इतकं आनंदी माणूस मी कधी पाहिलं नव्हतं, वाटलं, माझ्या लेकीला असं कुणी मिळालं तर. लाँच वळणाआड गेल्यावर तिला समजलं आपण काय केलं ते. मग परत जायचं तोंड राहिलं नाही.

फेली, एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं. मग तिचे हात पाहिले, साबणानं सोलवटलेले. सूप वाढलं. दोन वाट्या प्यायली आणि तिथंच भिंतीला टेकून झोपली.

ती परवाच्या लाँचनं निघेल. हे पत्र आजच्याच लाँचनं पुढं पाठवतेय, मुद्दाम. तुला अवधी मिळावा म्हणून. काय कर ते मी सांगणार नाही. जन्मभर सांगत आले, तू कधी ऐकलंस? पण मी रेडिओवरून शब्द दिलाय, तो तुझ्याही नावावर आहे, एवढं ध्यानात ठेव.

जप स्वतःला.
दोमितिला


सान रोके, २४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सान हुआनचा सण. गावभर भाताच्या पानग्या शिजताहेत, सगळ्या घरांतून पानांचा वास येतोय. तो घेत हे लिहिते.

तुझं पत्र आलं ती लाँच इकितोसला निघाली होती. केळीचे घड चढवायला थांबली होती. मी पत्र वाचलं, झोळी सोडली, बाळ उचललं आणि फळीवरून लाँचवर चढले. दोन्या एमेरितांनाही सांगितलं नाही. मनात एकच होतं. जिनं हाक मारली नाही तिला पोर का द्यायची? माझं काही चुकतंय असं तेव्हा अजिबात वाटलं नाही.

वर जाऊन झोळी बांधत होते तर शेजारची बाई सरकून जागा देत म्हणाली, आजीवर गेलीय हो नात. मी हो म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून शब्दच येईना. ती बाई हसून वाट बघत राहिली. ताई, मी जगात कुणाहीपाशी बसून गप्पा मारते, शेजारी बसणाऱ्याशी कधी खोटं बोलले नाही, आणि आता जिथं जाईन तिथं, दर शेजारणीला, हेच खोटं सांगत जायचं. पोरीलाही सांगायचं. शिट्टी झाली तेव्हा मी गाठ सोडत होते. लाँचवाल्यानं फळी काढली होती, ती मला शिव्या देत पुन्हा टाकली.

मार्लेनी काल दुपारी आली. उतरली आणि चिखलातच उभी राहिली, पुढं येईना. चाबेला माझ्या कडेवर होती. तिनं आईला पाहिलं, एकदम स्थिर झाली, आणि मग अशी झेपावली की माझ्या हातून सुटलीच असती. एकदा तिकडं गेल्यावर माझ्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ताई, मला फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि मी घरामागं जाऊन रडून घेतलं.

मार्लेनी मला म्हणाली, मावशी, लाँचा चार होत्या, मी चुकून भलत्याच लाँचवर चढले, ती वरच्या दिशेला निघाली. हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मी म्हटलं, होतं असं, सगळ्या सारख्याच दिसतात.

दोन दिवसांनी आम्ही तिघी रेकेनाला जातोय, तिथं तिची आत्या राहते. आत्यानं घेतलं तर ठीक, नाहीतर तिघी तुझ्याकडं येऊ, मग तू आम्हाला सावकाश रागाव.

आत्ता मार्लेनी माझ्या झोळीत झोपली आहे, चाबेला तिच्या पोटावर. मी पायरीवर बसून दोरीनं झोका देतेय. सणाचं गाव, येणंजाणं चालू आहे. मघाशी पलीकडच्या काठावरून आलेल्या एका म्हातारीनं थांबून विचारलं, हरवली होती ती आई हीच का?

मी म्हटलं, हरवली कुठं होती? बाजारात गेली होती.

तुझी,
फेली