उभ्यानंच नमस्कार

टोली, करडीजवळ
रविवार, दुपारची जेवनं झाल्यावर

तीर्थरूप रीता मावशी,

तुले हर्षाचा उभ्यानंच नमस्कार. साष्टांग लिहाले पाहिजे होतं, मले माहीत आहे. पन काखेपासून कमरेच्या खालपर्यंत प्लास्टिकचा पट्टा कसून बांधला आहे, त्याच्यात वाकता येत नाही. देवाले बी मी सध्या उभ्यानंच हात जोडतो. देव काही म्हनत नाही. माय म्हनते, देवाचं चालते, मावशी मानूस आहे, तिले कारन सांग. म्हून सांगतलं.

तू कशी आहेस? मावसाजीचा गुडघा काय म्हनते? तुही शिलाई मशीन मधातच अडत होती, ते चालते का आता? इकडं सगळे बरे आहेत. आबा बरे आहेत, म्हैस बरी आहे, बाबाचा उजवा कान तसाच आहे. त्या कानापायीच हे पत्र लिहून राहिली, नाहीतं आजकाल पत्र कोन लिहिते. घरात मोबाईल एक, तो बाबापाशी, अन् बाबाले ऐकू येत नाही म्हून तो नेहमी स्पीकरवर. मी तुले काही सांगतलं तं ते मायले, आबाले, म्हशीले अन् कुंपनापलीकडच्या मंदाबाईले एकाच टायमाले समजते. (मंदाबाई तं मधातून उत्तर बी देते.) तशी मी बोलतो कमी, तुले माहीत आहे. लिहाले बसली का मात्र कुठं थांबाव ते समजत नाही. काकाचा चंद्रकुमारदादा उद्या मोटरपंपाच्या कामानं साकोलीले येऊन राहिला, त्याच्या हाती पाठवतो.

बाबानं तुले फोनवर "पोरीची पाठ जराशी वाकडी निंगाली" एवढंच सांगतलं. जराशी नाही. पन मी सुरुवातीपासून सांगतो. सुरुवात पाठीपासून नाही झाली, भोजराजभाऊ टेलरपासून झाली. माहा कुर्ता डाव्या बाजूनं खाली लोंबे. माय तो घेऊन त्याच्या दुकानावर गेली अन् भांडली. त्यानं टेबलावर कुर्ता पसरवून दोन्ही बाजू जुळवून दाखवल्या. टेबलावर बरोबर, माह्या अंगावर वाकडा. त्यानं उसवून वापस शिवला, तरी तसाच. पुढच्या कुर्त्याले त्यानं नवा टेप आनला. त्याच्या पुढच्याले कैची बदलली. शेवटी मायनं भर दुकानात त्याले म्हटलं, "बापा भोजराज, तुही नजर गेली, दाखवून ये कुठी." तो गरीब मानूस खरंच शिबिरात जाऊन डोळे दाखवून आला अन् चष्मा घेऊन आला. चष्मा लावून शिवलेला कुर्ता बी डावीकडंच लोंबला. मग मायनं साऱ्या टोलीले सांगतलं का त्याच्याकडं कपडे टाकू नोका. टेपावर शंका घेतली, कैचीवर घेतली, त्याच्या डोळ्यावर घेतली. कुर्त्याच्या आत कोन आहे ते कोनी पाहिलं नाही. मी बी नाही पाहिलं. आपल्या घरचा आरसा हा एवढासा, चेहरा दिसला का खांदा दिसत नाही.

मागच्या रोवन्यात मात्र दिसलं. आमी सगळ्या बांधीत वाकून धानाचे परे लावत मागं मागं सरकून राहिलो होतो. रोवन्यात बाई बाईची पाठ पाहत नाही, चिखल पाहते. पन मंदाबाई चहा घेऊन मागं बांधीच्या उंच धुऱ्यावर उभी झाली अन् तिथून म्हनली, "अवो रुखमा, तुह्या पोरीनं पाठीत सूप लपवलं का वो?" सगळ्या हासल्या. मग एकेक जन पाहाले धुऱ्यावर चढली अन् हासनं बंद झालं. उजव्या बाजूनं पाठ फुगून वर आली होती. माय सगळ्यात शेवटी चढली. मी तशीच वाकलेली राहिली, काहून का मले उठ म्हनाले कोनाले आठवलंच नाही. चहा थंडा झाला.

मग इलाज सुरू झाले. एक म्हने दप्तरानं झालं (दप्तर सुटून वरीस होत आलं होतं), एक म्हने झोलाच्या खाटेनं झालं. आबानं निकाल देला का पोरगी उजव्या अंगानं पानी वाहते, आता डाव्या अंगानं वाहू द्या, जशी गेली तशी वापस येईन. धान कापनीपर्यंत मी डाव्या कमरेवर पान्याचा गुंड वाहिला. पाठ वापस आली नाही, डावा हात मात्र दुखाले लागला. त्याच्यावर चिखला गावाकडच्या एका हाड बसवनाऱ्याकडं नेलं. त्यानं मोहाच्या तेलानं असं चोळलं का घरी येईपर्यंत मले रडता बी येत नव्हतं. त्या वासानं मंदाबाईची बकरी आठवडाभर माह्या मागं मागं फिरली. शाळा सुटल्यापासून माह्या मागं फिरनारं तेवढंच कोनी होतं, म्हून मी बी तिले हाकललं नाही.

दिवाळीनंतर भंडाऱ्याच्या डॉक्टरनं नागपूरले पाठवलं. तिथच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, पाय जुळवून उभी राहा, हात खाली सोड अन् पुढं वाक. मावशी, हे तं रोवन्याचंच काम. मी वाकली अन् सवयीनं मागं मागं सरकाले लागली. मागं पट्ट्या-कापसाची गाडी होती, तिले धडकली, सगळं सामान खाली. डॉक्टरीनबाईनं विचारलं, मागे का जातेस? मी लाजून खाली पडलेला कापूस उचलाले लागली. बाबा म्हनला, "मॅडम, ते धान लावून राहिली." बाई हासली, पन पाठीवर हात फिरवला अन् लगेच एक्सरे लिहून देला.

एक्सरे काढला. आबानं तो खिडकीच्या उजेडात धरला अन् म्हनले, हे तं आपल्या नहराचं वळन आहे. मनका मधातून उजवीकडं गेलेला, मग खाली डावीकडं आलेला. वाक बत्तीस अंशाचा निंगाला. बाईनं समजावून सांगतलं का हे दप्तरानं होत नाही, पानी वाहून होत नाही, खाटेनं होत नाही. वाढीच्या वयात काही पोरीइले होते, बहुतेक वेळा कारन सापडत नाही, कोनाची चूक नाही. इतके दिवस भांडलो, अन् चूक कोनाचीच नाही म्हटलं तं आता बोलाव काय? मग बाई म्हनली, एक-दोन वर्षं आधी आणली असती तर वाक कमी असता. माय येतानी बसमधी खिडकीकडं तोंड करून रडली. मले म्हनली, "चार कुर्ते शिवले वो मी तुले, चारही वेळा तो कुर्ता सांगत होता." तवापासून माय भोजराजभाऊच्या दुकानासमोरून जात नाही, तळ्याकडं, बोडीच्या पारीवरून फेरा मारून जाते. तो अजून तो चष्मा लावते. मले लय वाईट वाटते, पन त्याले जाऊन सांगाव तं तोंडातून शब्द निंगत नाही.

आता पट्ट्याचं. हा पाठ सरळ करत नाही, आहे त्याच्याहून जास्त वाकू देत नाही. आंघोळ अन् व्यायाम सोडून दिवसरात्र घालाचा, उंची वाढनं थांबेपर्यंत. पहिल्या दिवशी आबानं बोटानं वाजवून पाहिला, माठ घेतानी वाजवते तसा, अन् म्हनले पक्का आहे. दारातली पोट्टी खेळतानी येऊन काडीनं मारून पाहतात. मले लागत नाही, आवाज होते, त्याइले तेच पाहिजे. खाली बसता येत नाही म्हून मी धानाच्या कोठीवर बसून जेवतो, अन् सगळे खाली ताट घेऊन माह्या पायापाशी. बाबा म्हनते, ठानेदारीनबाई, अजून भाजी पाहिजे का. उन्हाळ्यात आत घाम येते, खाजवते, अन् खाजवाले जागा नाही. बाहेर जाचं म्हटलं तं मी बाबाचा हिवाळ्याचा स्वेटर घालतो. मे महिन्यात, मावशी. लोक पट्ट्याकडं पाहू नये म्हून स्वेटर घातला, तं ज्यानं पाहिलं नसतं तो बी पाहाले लागला.

पट्ट्यापेक्षा मले व्यायामाच्या मॅडम आवडतात. भंडाऱ्याले त्याइच्याकडं जा लागते. दबलेल्या बाजूत श्वास कसा भराचा ते त्या शिकवतात, पाठीवर हात ठेवून सांगतात का आता या हाताला ढकल. पहिल्यांदा ढकललं तं मलेच रडू आलं, त्या बाजूनं कवा श्वास घेतलाच नव्हता असं वाटलं. पन त्याइनं विचारलं, कितवीत आहेस? अन् मी म्हनली नववीत. काहून म्हनली देव जाने. मी तं नववीतच दिवाळीच्या सुटीनंतर गेलीच नाही, आता दीड वरीस होईन. कवायतीत सर दररोज म्हनत, हर्षा, खांदे सरळ, अन् मी सरळच उभी राहो. मागच्या पोरी हासत. घरी मी पोट दुखते म्हटलं, अन् ते पोट दुखनं काही थांबलंच नाही. कोनी शाळेतून काढलं नाही मले, मीच घरी बसली. रुचिता पहिले सांजीले सांजीले पुस्तक घेऊन ये. मी धानाच्या तनशीच्या ढिगामागं लपो. मग तिनं बी येनं सोडलं. ते ढिगामागचं आठवलं का अजून जीव कसा तं होते.

तं मॅडम म्हनल्या, वा, मग शाळेत पट्टा कसा जमतो? मी सांगतलं, जमते. बाकावर? जमते. मैत्रिणी मदत करतात? हाव, रुचिता करते. मी आयुष्यात जेवढी बोलली नाही, मावशी, तेवढी त्या दिवशी न गेलेल्या शाळेबद्दल बोलली. माय बाजूले बसून सगळं ऐकत होती.

बस, आता लिहाचं काही राहिलं नाही. तिकडच्या मोठ्याइले माहा उभ्यानंच नमस्कार, लहानाइले दुरूनच पापा (जवळ घेतलं तं पट्टा टोचते).

तुही,
हर्षा

ता. क. पत्राची घडी घातली होती, वापस उघडली. ज्याच्यासाठी लिहाले बसली तेच राहिलं. मॅडमनं सांगतलं का शाळा उघडल्यावर येशील तेव्हा गणवेश घालून ये, त्याच्या आत पट्टा कुठे रुततो ते मला पाहायचं आहे. आता काय करू? जुना कुर्ता पट्ट्यावर चढत नाही. म्हून तू एक निळा कुर्ता शिवून दे, चांगला ढगळ, पट्टा दिसला नाही पाहिजे. फक्त मॅडमले दाखवाले. कापड दादाच्या हाती पाठवून राहिली. भोजराजभाऊच्याच दुकानातलं आहे. काल पहिल्यांदाच माय स्वतः समोरच्या रस्त्यानं जाऊन घेऊन आली. "तुही नजर बरोबर होती, भोजराज" असं म्हननार होती म्हने, पन त्यानं चष्मा पुसून कापड मोजलं अन् हिच्या तोंडातून काही निंगालं नाही. शिवाले टाका म्हनाची तं हिंमतच झाली नाही. मी कोनावर गेली ते समजलं.

ता. क. दुसरं. मावशी, एक नोको, दोन शिव. दाखवाले एकच पुरते, मले माहीत आहे. पन रोज घालाचं म्हटलं तं एक धुतला तं दुसरा पाहिजे. कापड मायनं दोन कुर्त्याइचं आनलं आहे, मी सांगतलं नव्हतं. मले वापस नववीत बसाचं आहे. रुचिता आता पुढं गेली, ती माह्या वर्गात नसन. मीच तिच्या दारात जाईन.

ता. क. शेवटचं. ढगळ नोको. बरोबर मापाचा शिव, पट्ट्यासहित. अन् हे माप दादाले घेता येनार नाही, पत्रात लिहून बी पाठवता येनार नाही, म्हून मीच येतो. बुधवारच्या बसनं, एकटी, स्वेटर न घालता. साकोलीच्या स्टँडवर बाकावर सगळ्यात सरळ बसलेली पोरगी दिसन, ते मी. नाही दिसली तं समज का लाखनीपर्यंतच हिंमत पुरली अन् मी तिथं उतरली. मावसाजीले गाडी घेऊन लाखनीच्या स्टँडवर पाठवजो. पन मावशी, मले घेऊन जा, वापस पाठवू नोको.